आडवा पाय

कृष्णात वारला आणि आठवड्याच्या आत आमच्या तालमीनं त्याचा फोटो भिंतीवर लावला. हार घातला, उदबत्ती लावली, शोकसभा घेतली. सभेत जो तो उठून सांगत होता की तालमीच्या फुटबॉल टीममधला असा फुलबॅक कोल्हापुरानं परत बघितला नाही, आणि असा वस्ताद तर नाहीच नाही. मी मागं खांबाला टेकून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. मेलेल्या माणसाचं कौतुक करायला कुणाचं काय जातं? शेवटची पाच वर्षं हा माणूस तालमीची पायरी चढला नव्हता. का चढला नव्हता, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि एकानंही त्याबद्दल तोंड उघडलं नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बाळासो, तुमी त्येच्या मागं गोली हुता. दोन शब्द बोला की." मी उठलो, फोटोकडं बघितलं आणि परत खाली बसलो. तिथं बोललो असतो तर भांडण झालं असतं. म्हणून इथं सांगतो.

गोलीला मॅचमध्ये सगळ्यात जास्त काय दिसतं, तर फुलबॅकची पाठ. कृष्णातचा चेहरा मी डोळे मिटून आठवू गेलो तर नीट आठवत नाही, पण पाठ आठवते. घामानं चिकटलेली बंडी, रुंद खांदे, आणि बॉल आमच्या हद्दीत आला की थोडीशी वाकणारी मान. तो फारसा पळायचा नाही. समोरचा फॉरवर्ड कितीही नाचला तरी हा आपला उभा. बॉल त्याच्या पायापासून वीतभर सुटला की हा घसरत यायचा आणि उजवा पाय आडवा घालायचा. माणसाला धक्का नाही, बॉल तेवढा बाहेर. "घातला रं पाय!" म्हणून सगळं मैदान ओरडायचं आणि हलगीवाला हलगी बडवायचा. मी मागं गोलात उभा राहून निवांत पान खाल्लं असतं तरी चाललं असतं, अशी माझी गोलकीपरकी त्या दिवसांत होती. लोक मला चांगला गोली म्हणायचे. त्यातलं निम्मं कौतुक त्याचं होतं, हे मला कळत होतं.

सत्तेचाळीस साली बेळगावच्या पलटणीची टीम खेळायला आली होती. त्यांच्या पायांत बूट आणि आम्ही पट्ट्या बांधलेले अनवाणी. शेवटी शेवटी त्यांचा सेंटर एकटा सुटून माझ्यावर आला. कृष्णातनं त्या बुटाखाली पाय घातला. बॉल गेला, मॅच आम्ही जिंकलो, आणि त्याचा उजवा अंगठा मोडला. हाडवैद्यानं बांधला, पण तो बसला तो वाकडाच, शेजारच्या बोटावर चढलेला. पेठेत पोरं त्या अंगठ्याकडं बोट दाखवायची. कृष्णात लाजायचा आणि पाय धोतराखाली घ्यायचा.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला पाहिजे. बाळाबाईची आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथ्या वेळी तिनं आमच्या तालमीच्या पीराला नवस बोलला. आमच्याकडं तालीम म्हटली की मारुती आला आणि मोहरमात पीराचा पंजाही आला. त्यात हिंदू कोण आणि मुसलमान कोण, हे कुणी बघत नाही. नवस असा, की पोरगं जगलं तर ते दर मोहरमात पंजा खांद्यावर घेईल. पोरगं जगलं, ते हे कृष्णात. सोळाव्या वर्षापासून, तालमीतालमींचे पंजे एकमेकांना भेटतात त्या भेटीच्या दिवशी, पंजा त्याच्याच खांद्यावर. बाळाबाईच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. ज्या वर्षी पंजा दुसऱ्याच्या खांद्यावर जाईल, त्या वर्षी पीर आपलं दिलेलं परत नेईल. कुणी समजावलं तर म्हणायची, "तुमची गेल्यात का तीन? माझी गेल्यात."

पंजा पेठेतून फिरतो तेव्हा प्रत्येक घरापुढं थांबतो आणि घरची बाई पंजा घेणाऱ्याच्या पायावर पाणी घालते. बाळाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. तिला माणसांच्या नुसत्या सावल्या दिसायच्या. त्यात पंजा घेणाऱ्याच्या तोंडावर फुलांच्या माळा सोडलेल्या असतात, आणि पंजा खांद्यावर असेपर्यंत त्यानं बोलायचं नसतं. मग ती पाय धुता धुता अंगठा चाचपायची. वाकडा अंगठा हाताला लागला की तिचा चेहरा फुलायचा. "वाकडा का असंना, माझा हाय," असं दर वर्षी म्हणायची आणि आम्ही दर वर्षी हसायचो.

एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं. कृष्णात पागेत घोड्यांकडं होता. घोडे विकले गेले, पागा बंद झाली, आणि त्याच सुमाराला त्याचा गुडघाही गेला. खेळणं संपलं तेव्हा तालमीनं त्याला वस्ताद केलं. रोज संध्याकाळी तो आम्हाला तालमीच्या आवारात खेळवायचा. ते आवार अरुंद, आणि डाव्या हाताला आड. आडात बॉल पडला की घागर सोडून काढायला अर्धा तास. त्यामुळं आमचे सगळे फॉरवर्ड लहानपणापासून उजवीकडंच वळायला शिकलेले. आमचा सेंटर आकाराम तर झोपेतसुद्धा उजव्या कुशीवर वळत असेल. कृष्णात त्याच्या मागं लागायचा. "आकाराम, डावीकडं जायाला शीक. मैदानात आड न्हाय. एखाद्या फुलबॅकनं वळखलं तर तू संपलास." आकाराम हसायचा. गोल होत होते, मग कशाला शिकतोय?

वस्तादकीवर पोट भरत नाही. बावन्न साली कृष्णात इचलकरंजीला गेला आणि मागावर लागला. आई कोल्हापूर सोडायला तयार नव्हती. पंजा इथं, मग ती इथंच. तो सुट्टीच्या दिवशी येऊन तिला भेटून जायचा. तिथल्या कारखान्याचे मालक नृसिंहअण्णा म्हणजे फुटबॉलचं वेड लागलेला माणूस. आपल्या मागावर कोण उभा आहे हे कळल्यावर त्यांनी विणकरांचीच टीम काढली आणि कृष्णातच्या हातात दिली. पाळीवरनं सुटलेले, केसांत कापसाचे धागे अडकलेले ते विणकर. काही तेलंगी, काही मोमीन, काही आमच्याच बाजूचे. त्यांना कृष्णातनं फुटबॉल शिकवला, आणि पहिल्यांदा शिकवलं ते थांबायला.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात मोठ्या स्पर्धेत विणकरांची टीम आणि आमची टीम सेमीफायनलला समोरासमोर आली. आदल्या दिवशी कृष्णात माझ्या घरी आला. चहा पुढं ठेवला तरी त्यानं कपाला हात लावला नाही.

"बाळू, म्या उद्या मैदानात आलो न्हाय तर?"

"आजारी हाईस व्हय?"

"न्हाय. पन तालमीच्या समोर कसा हुबा ऱ्हाऊ?"

"बाकड्यावर बसायचं हाय तुला, खेळायचं न्हाय," मी म्हणालो. "त्या विणकरांनी काय पाप केलंय? त्यांचा वस्ताद ऐन वक्ताला घरात दडून बसला, तर ते काय म्हनतील?"

तो उठून दारापाशी गेला. मग म्हणाला, "त्येबी खरं हाय." आणि चहा न पिताच गेला.

मॅचच्या दिवशी सकाळी तो तालमीत येऊन मारुतीच्या पाया पडला, पीराच्या जागेला हात लावून गेला. आमचे खेळाडू तिथंच पट्ट्या बांधत बसले होते. एकानंही त्याच्याकडं मान वर करून बघितलं नाही. मीही पट्टीच बांधत होतो, पण मी निदान "ये" म्हणालो.

मॅचमध्ये काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. आकाराम बॉल घेऊन गेला, उजवीकडं वळला, आणि विणकरांचा एक काटकुळा फुलबॅक तिथं आधीच उभा होता. पुन्हा गेला, पुन्हा उजवीकडं, पुन्हा तोच. घसरत यायचा आणि उजवा पाय आडवा घालायचा. मी लांबून बघत होतो. ती पाठ परक्याची होती आणि मान वाकत होती ती आमच्या कृष्णातची. शेवटच्या काही मिनिटांत त्यांचा एक बॉल माझ्या हातांखालून गेला. एक गोल, आणि आम्ही हरलो.

गोल माझ्यावर झाला होता. शिव्या मला बसायला हव्या होत्या. बसल्या कृष्णातला. तालमीचं खाऊन तालमीची खोड परक्याला विकली म्हणे. अहो, कसली खोड आणि कसली विक्री! जी गोष्ट तो आमच्याच आवारात वर्षानुवर्षं बोंबलून सांगत होता, ती त्यानं त्यांना सांगितली. त्यांनी ऐकली, आम्ही ऐकली नव्हती. एवढाच काय तो फरक.

मोहरम जवळ आला तशी तालमीत बैठक बसली. ठरलं असं, की यंदा कृष्णातला पंजा द्यायचा नाही. पंजा आकाराम घेणार. मी उठून आरडाओरडा केला. त्याच्या आईचा नवस आहे, तिला काय सांगणार म्हणून विचारलं. कुणीतरी म्हणालं, "इचकरंजीत बी पीर हाईत की. तितं घे म्हनावं." हशा पिकला. आमचे मुजावर लालासाबचाचा कोपऱ्यात बसले होते. वयानं थकलेले, हळू बोलणारे. ते म्हणाले, "पंजा पीराचा हाय बाबांनू, टीमचा न्हाय." मग अध्यक्ष म्हणाले, "चाचा, पेठेचा शबूद हाय." चाचांनी मान खाली घातली. पेठेपुढं आमच्याकडं पीरसुद्धा गप्प बसतो.

हे कृष्णातला सांगायचं कुणी? मीच इचलकरंजीला गेलो. तो पाळीवर होता. मागांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि कान बधिर झाले. धोटे धडाधड आपटत होते, हवेत कापूस उडत होता. मी त्याच्याजवळ जाऊन सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. परत सांगितलं. तो कान पुढं करून हसत म्हणाला, "मोठ्यानं बोल की!" ही गोष्ट काय मोठ्यानं बोलायची होती? पण बाहेर येतो म्हणाला असता तर माग बंद करावा लागला असता, म्हणून मी ओरडलो. "तुला पंजा देनार न्हाईत. आकाराम घेनार हाय."

आजूबाजूच्या चार-पाच विणकरांनी वळून बघितलं. त्यांत तो काटकुळा फुलबॅकही होता. कृष्णातचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतनं निघून गेलं. धागा तुटला होता. त्यानं माग थांबवला, धागा जोडला आणि माग परत चालू केला. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "आयेला सांगू नगा. कुनीबी सांगू नगा. ती जगायची न्हाय." 

"मग भेटीच्या दिशी काय करनार?"

"बघतो," म्हणाला. मैदानातही तो असंच म्हणायचा, आणि तेव्हा मला धीर यायचा. त्या दिवशी आला नाही.

त्या वर्षी गणपती आणि मोहरम एकत्रच आले होते. तालमीत एका बाजूला गणपती बसलेला, दुसऱ्या बाजूला पंजा. पेठेत कसला उत्साह! भेटीच्या दिवशी दुपार कलली आणि ताशे वाजायला लागले. लालासाबचाचांनी पंजा आकारामच्या खांद्यावर दिला, तोंडावर माळा सोडल्या. मी ठरवलं होतं की जायचं नाही. पण आकाराम वाटेत कुणाच्या घरापुढं थांबणार आहे ते आठवलं आणि मी मुकाट्यानं त्याच्या शेजारी चालायला लागलो.

बाळाबाईच्या दाराशी आलो तर ती तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. धुवट लुगडं, कपाळाला अबीर. आणि तिच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून, कृष्णात उभा होता. दर वर्षीसारखा अनवाणी, दर वर्षीसारखी गळ्यात नवसाच्या हिरव्या दोऱ्याची फकिरी. तो सकाळीच येऊन, तालमीत जातो असं आईला सांगून बाहेर पडला होता आणि मागच्या दारानं आवाज न करता परत आत आला होता. सगळ्या पेठेनं त्याला बघितलं. ताशेवाल्यांचा हात आपोआप हलका झाला. ज्यांनी बैठकीत हशा पिकवला होता ते माझ्या मागंच उभे होते. त्यांच्याकडं बघायची मला इच्छा झाली नाही.

आकाराम थांबला. बाळाबाई गुडघे धरत खाली बसली. तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि हळू हळू हात फिरवायला लागली. डावा पाय झाला. उजवा पाय घेतला. बोटांवरनं हात पुढं गेला आणि थांबला. आकारामचा अंगठा सरळ होता. तिनं परत चाचपला. तांब्या तिच्या हातातनं खाली कलंडला.

"किसना?" ती म्हणाली. आवाजात भीती होती. "किसना, कुटं हाईस रं?"

पंजा खांद्यावर म्हणून आकारामनं बोलायचं नव्हतं आणि बाकीच्यांना बोलायला तोंड नव्हतं. माळांच्या मागं त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि मग कृष्णात आला. कसा आला ते मी इतक्या वर्षांत हजारदा बघितलं होतं. आवाज नाही, धक्का नाही. आईच्या अंगाला अंग न लावता तो कडेनं सरकला, दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसत गेला, आणि ओल्या दगडावरनं घसरवत उजवा पाय आडवा आत घातला. आकारामच्या पायाच्या आणि आईच्या हाताच्या मधोमध. आकारामनं आपला पाय मागं घेतला. म्हातारीचा चाचपडणारा हात खाली आला तो त्या वाकड्या अंगठ्यावर.

तिनं अंगठा मुठीत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिच्या गालांवरनं पाणी ओघळत होतं. "ह्यो बग," ती म्हणाली. "ह्यो बग की. माज्या हातालाच काय झालंय कुनास ठावं." मग सांडलेला तांब्या शोधून त्यातलं उरलेलं पाणी तिनं त्या पायावर घातलं, पदरानं पुसलं, कपाळ टेकवलं. कृष्णात मान वाकवून बसला होता. मी त्याच्या मागं उभा होतो, त्यामुळं मला नेहमीसारखी त्याची पाठच दिसत होती. ती हलत होती.

लालासाबचाचा पुढं झाले. आकारामच्या खांद्यावरचा पंजा काढून कृष्णातला द्यायला त्यांनी हात उचलला. पेठेच्या शब्दाचं त्या घडीला कुणाला काही पडलं नव्हतं. अध्यक्षसुद्धा "द्या, द्या" म्हणून मान हलवत होते. कृष्णातनं नुसता तळहात वर केला. नको. हाच तळहात दाखवून तो मला मैदानात थांबवायचा: तू गोल सोडू नको, मी बघतो.

बाळाबाई मार्गशीर्षात गेली. समाधानानं गेली, पोरगं मागं ठेवून गेली. पुढच्या मोहरमाच्या आधी तालमीचे लोक इचलकरंजीला जाऊन कृष्णातच्या पाया पडले. आकाराम तर रडला. कृष्णातनं सगळ्यांना चहा पाजला, टीमची चौकशी केली, आणि आला नाही. विणकरांना शिकवत राहिला, मागावर उभा राहून कापूस छातीत घेत राहिला, आणि त्या छातीनंच गेला. फोटो लावला तेव्हा आकारामनं हार घातला. मागं वळला तेव्हा आमची नजरानजर झाली आणि दोघांनाही त्या दारातलं शेवटचं बोलणं आठवलं असणार. ते ऐकण्याइतके जवळ आम्ही दोघं आणि चाचा एवढेच होतो.

उठताना बाळाबाईनं वर, फुलांच्या माळांच्या दिशेनं बघितलं होतं आणि विचारलं होतं, "दमलास व्हय रं? जड झालाय का पंजा?"

पंजा घेणाऱ्यानं बोलायचं नसतं. पण ती आई होती आणि विचारत होती.

"न्हाय आये," कृष्णात खालनं म्हणाला. "हलका हाय."

त्याच्या खांद्यावर काहीच नव्हतं.